नातवंडांची भेट : हक्क कोणाचा?

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या संग्रामपूर तालुक्यातील काही घरांच्या ओसरीवर आता दोनच वृद्ध माणसे उरली आहेत. कर्ता मुलगा काळाने नेला, सून लेकरांना घेऊन माहेरी गेली आणि भिंतीवर नातवंडांचे छायाचित्र तेवढे राहिले. पुढे जे चित्र रेखाटले आहे ते कोणा एका कुटुंबाचे नव्हे. नावे-गावे वगळून, अनेक घरांत थोड्याफार फरकाने आढळणाऱ्या गोष्टी येथे एकत्र केल्या आहेत.

मुलगा चौतिशीचा, कोरडवाहू कापसाची शेती करणारा. हा प्रदेश पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातला. येथील पाणी खारट आणि मूत्रपिंडाच्या विकारांनी ग्रासलेली माणसे गावोगावी. या मुलालाही त्याच आजाराने गाठले आणि दोन वर्षे रुग्णालयाच्या खेपा घालून तो गेला. मागे राहिली त्याची पत्नी, सहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. सून लेकरांसह अकोल्यास माहेरी गेली. पहिल्या वर्षी नाताळात मुले आजीकडे आली. दुसऱ्या वर्षी सातबाऱ्यावर कोणाचे नाव चढवायचे यावरून बोलाचाली झाली. तिसऱ्या वर्षी फोन उचलणे बंद झाले. आजोबा एकदा अकोल्यास जाऊन शाळेच्या फाटकाशी उभे राहिले, तेव्हा रखवालदाराने विचारले, "तुम्ही मुलांचे कोण?" ते उत्तर देऊ शकले, परंतु ते सिद्ध करणारा कागद त्यांच्यापाशी नव्हता.

"फादर, ताबा नाई पायजे, लेकरू डोळ्यानं दिसलं तरी पुरे," असे म्हणणारी आजी ज्या धर्मगुरूला भेटली नसेल असा धर्मगुरू विरळा. तिला केवळ सांत्वन पुरत नाही. कायदा तिच्या पाठीशी आहे काय आणि असल्यास कितपत, हे तिला स्पष्ट कळले पाहिजे. त्यासाठीच हा लेखप्रपंच.

आजी-आजोबा कायद्याला दिसतात काय?

प्रथम कटू वाटेल असे सत्य सांगणे भाग आहे. नातवंडांना भेटण्याचा आजी-आजोबांचा स्वतंत्र हक्क भारतातील कोणत्याही केंद्रीय कायद्यात शब्दशः लिहिलेला नाही. मुलाचे नैसर्गिक पालक म्हणजे आई आणि वडील. त्यांपैकी एक हयात नसेल, तर दुसऱ्याचा अधिकार पूर्ण राहतो. तो मृत मुलाच्या किंवा मुलीच्या आईवडिलांकडे वारशाने येत नाही.

यातील विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली केलेल्या कायद्यात सज्ञान नातू व नात यांचा समावेश 'अपत्य' या संज्ञेत केलेला आहे. म्हणजे नातू मोठा होऊन कमावू लागला, तर आजी-आजोबांच्या पोटापाण्याची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. पण तोच नातू तीन वर्षांचा असताना त्याला मांडीवर घेण्याविषयी हा कायदा काही बोलत नाही. या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज केल्यास निर्वाहभत्ता मिळू शकतो, भेट मिळत नाही. अनेक वृद्ध याच दाराशी जातात आणि रिकाम्या हाताने परततात, म्हणून हे आवर्जून सांगितले.

मग दुसरे दार कोणते? ते आहे १८९० सालचा पालक आणि पाल्य अधिनियम. हा ब्रिटिश काळातील कायदा आजही लागू आहे आणि तो सर्व धर्मीयांना खुला आहे. आपणा ख्रिस्ती लोकांना तर पालकत्वाच्या बाबतीत मुख्यतः त्याचाच आधार आहे, कारण हिंदूंसाठी १९५६ साली झालेला अज्ञानत्व व पालकत्वाचा वेगळा कायदा आपल्याला लागू होत नाही. या १८९० च्या कायद्याचे आठवे कलम असे की, पालक नेमण्यासाठी अर्ज करण्याची मुभा मुलाच्या कोणत्याही नातेवाइकास, इतकेच नव्हे तर स्नेह्यासही आहे. सतराव्या कलमात न्यायालयाने काय पाहावे हे सांगितले आहे: मुलाचे वय, लिंग व धर्म, अर्जदाराचे चारित्र्य व कुवत, त्याचे मुलाशी असलेले नाते, मृत आईवडिलांची काही इच्छा असल्यास ती, आणि मूल समजत्या वयाचे असेल तर त्याचे स्वतःचे मत. या सर्वांच्या वर मुलाचे हित.

'भेट' हा विषय कायद्याच्या पुस्तकात स्पष्टपणे येतो तो १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमात. कौटुंबिक न्यायालयाकडे कोणकोणती प्रकरणे चालतील याची यादी सातव्या कलमात आहे. तिच्यात अज्ञान मुलाचे पालकत्व व ताबा यांच्या जोडीने मुलाची भेट हाही विषय नमूद आहे. ही भेट केवळ आईवडिलांनीच मागावी, असे तेथे म्हटलेले नाही. याच फटीतून आजी-आजोबा न्यायालयात प्रवेश करतात.

घटस्फोटाच्या प्रकरणात आपल्याला १८६९ चा घटस्फोट अधिनियम लागू होतो. त्याच्या ४१ ते ४४ या कलमांखाली न्यायालय मुलांचा ताबा, पोषण व शिक्षण यांबाबत आदेश देऊ शकते. परंतु तो दावा पती-पत्नींमधला असतो. शिवाय पती वा पत्नीचे निधन झाले असेल, तर असा दावा उद्भवतच नाही. येथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. विवाह रद्दबातल ठरविण्यासाठी ख्रिस्तसभेचे जे न्यायमंडळ असते, ते मुलांचा ताबा वा भेट ठरवीत नाही. तो अधिकार देशाच्या न्यायालयाचा आहे. 'बिशपांच्या न्यायमंडळातून आदेश आणून द्या' असा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

न्यायालयांनी आजवर काय म्हटले?

कायद्यातील मोकळी जागा न्यायालयांच्या निकालांनी भरत आणली आहे. त्यातील काही निकाल सामान्य वाचकानेही समजून घ्यावेत असे आहेत.

१९७३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका ख्रिस्ती दांपत्याचे प्रकरण आले होते. त्यात न्यायालयाने ठणकावून सांगितले की, मुले ही आईवडिलांची मालमत्ता नव्हेत किंवा त्यांच्या करमणुकीची खेळणीही नव्हेत. ताब्याचा विचार करताना आईवडिलांच्या हक्कापेक्षा मुलाचे कल्याण मोठे. हा निकाल पन्नास वर्षांनंतरही उद्धृत होतो, आणि आजी-आजोबांची सारी भिस्त याच तत्त्वावर आहे.

२००८ साली बंगालमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लहान मुलाला त्याच्या आईच्या आईवडिलांकडेच राहू दिले. मुलाची आई मरण पावली होती आणि तिच्या मृत्यूच्या संबंधात वडिलांवर फौजदारी खटला चालू होता. मुलाने स्वतः आजी-आजोबांकडे राहण्याची इच्छा व्यक्त केली होती. वडील नैसर्गिक पालक आहेत एवढ्यावरून प्रश्न सुटत नाही, मुलाचे मन व वडिलांचे वर्तनही पाहिले पाहिजे, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

जून २०२२ मधील निकाल कोरोनाच्या साथीची आठवण जागवितो. अहमदाबादच्या एका मुलाचे आईवडील मे व जून २०२१ मध्ये, महिन्याभराच्या अंतराने, साथीत दगावले. उच्च न्यायालयाने मुलाला अविवाहित, नोकरी करणाऱ्या मावशीकडे सोपविले होते. वडिलांचे आईवडील ७१ व ६३ वर्षांचे. त्यांचे वय झाले, उत्पन्न बेताचे, असे त्यांच्या विरुद्ध धरले गेले. न्या. एम. आर. शाह व न्या. अनिरुद्ध बोस यांच्या पीठाने तो निर्णय फिरवून मुलाचा ताबा आजी-आजोबांना दिला. केवळ वय आणि पैसा या गोष्टी आजी-आजोबांना अपात्र ठरवू शकत नाहीत, हा त्याचा मथितार्थ.

मात्र हे दोन्ही निकाल वाचून कोणी चटकन न्यायालयाकडे धाव घेऊ नये. एकात वडिलांवर गंभीर आरोप होता; दुसऱ्यात आईवडील दोघेही हयात नव्हते. जेथे एक पालक जिवंत आहे, धडधाकट आहे आणि मुलाची काळजी घेत आहे, तेथे न्यायालयांचा कल निराळा असतो. आपल्या महाराष्ट्रातील एका प्रकरणात, आईच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूनंतर तान्ही मुलगी आईच्या भावाबहिणींकडे होती, कारण त्या काळात वडील स्वतःच गंभीर आजारी होते. त्या नातेवाइकांनी मुलीला जीव लावला होता यात शंका नव्हती. तरीही मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा ताबा बऱ्या झालेल्या वडिलांना दिला. परंतु न्या. आर. भानुमती यांच्या पीठाने मुलीची नाळ एका फटक्यात तोडली नाही. ज्यांनी तिला वाढविले त्यांना तिच्या भेटीची मुभा दिली. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका ७४ वर्षांच्या आजीला, तिने जन्मापासून सांभाळलेला पाच वर्षांचा नातू त्याच्या आईवडिलांच्या हवाली करण्यास सांगितले. भावनिक जिव्हाळ्यामुळे आजीचा अधिकार जन्मदात्यांपेक्षा वरचढ ठरत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

आणि आता संग्रामपूरच्या ओसरीशी अगदी मिळतेजुळते प्रकरण. २०२० साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका विधवा मातेने अर्ज केला होता. तिच्या मुलाला त्याच्या दिवंगत वडिलांच्या आईवडिलांना भेटू द्यावे, असा आदेश कौटुंबिक न्यायालयाने दिला होता आणि तो तिला मान्य नव्हता. न्या. एस. सी. गुप्ते यांनी तिचा अर्ज फेटाळला. सासू-सासऱ्यांशी आपले पटत नाही एवढ्याच कारणास्तव मुलाला त्याच्या आजी-आजोबांपासून तोडता येणार नाही, हा त्या निकालाचा आशय होता.

हे सर्व निकाल शेजारी शेजारी ठेवले की एक रेषा स्पष्ट दिसते. आजी-आजोबा जेव्हा ताबा मागतात तेव्हा हयात पालकापुढे ते बहुधा हरतात. ते जेव्हा भेट मागतात तेव्हा न्यायालय त्यांचे म्हणणे ऐकते. कारण ताब्याच्या मागणीत मुलाला आईपासून दूर करण्याचा धोका असतो, आणि भेटीच्या मागणीत मुलाच्या जगात प्रेमाचे आणखी एक माणूस येत असते. म्हणूनच या लेखाच्या मथळ्यातील प्रश्नाचे उत्तर असे की, हक्क आजीचा नाही, आजोबांचाही नाही. तो नातवाचा आहे. आजी-आजोबांनी नातवाचा तो हक्क त्याच्या वतीने मागायचा आहे. अर्जातील पहिले वाक्य 'आम्हाला आमचा नातू द्या' असे असेल तर वाट बिकट होते. 'या मुलाला त्याच्या वडिलांच्या घराची ओळख राहू द्या' असे असेल तर वाट मोकळी होते.

परदेशांतील अनुभव

फ्रान्सच्या दिवाणी संहितेने हाच विचार कायद्यात बसविला आहे. तिच्या ३७१-४ या कलमानुसार आजी-आजोबांशी संबंध राखण्याचा हक्क मुलाचा आहे. आणि केवळ मुलाच्या हिताचे कारण असेल तरच त्याला आडकाठी करता येते. इंग्लंडमध्ये १९८९ च्या बालकविषयक कायद्याखाली आजी-आजोबांना साधारणतः अर्ज करण्यापूर्वीच न्यायालयाची परवानगी काढावी लागते. २०१८ साली युरोपीय संघाच्या न्यायालयाने, मुलाला भेटण्याच्या अधिकारात आजी-आजोबांच्या भेटीचाही समावेश होतो, असा निर्वाळा दिला. बल्गेरियातील एका आजीचा नातू ग्रीसमध्ये राहत होता, त्या प्रकरणात हा निर्णय झाला.

परंतु सर्वांत बोधप्रद प्रकरण अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याचे आहे. १९९३ साली एका तरुणाने आत्महत्या केली. त्याच्या दोन लहान मुलींना त्याचे आईवडील नियमित भेटत असत. काही महिन्यांनी मुलींच्या आईने कळविले की, यापुढे महिन्यातून एकदा थोडा वेळ भेट व्हावी. तिने दार बंद केले नव्हते. ते थोडे लोटून घेतले होते. आजी-आजोबांना ते पुरेसे वाटले नाही. महिन्यातून दोनदा शनिवार-रविवार मुक्कामासह मुली मिळाव्यात, उन्हाळ्यात दोन आठवडे मिळावेत, म्हणून ते न्यायालयात गेले. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि २००० साली निकाल आईच्या बाजूने लागला. पात्र व समंजस आईचा निर्णय न्यायाधीशाने केवळ स्वतःला अधिक चांगले वाटते म्हणून बदलू नये, असे न्यायालयाचे सांगणे होते. अधिक मागण्यापायी सात वर्षे न्यायालयात गेली, आणि तेवढ्या काळात मुली मोठ्या झाल्या. आपल्या ओसरीवर बसलेल्या आजोबांनी हे प्रकरण दोनदा वाचावे.

आपल्या देशातही या प्रश्नाकडे लक्ष गेलेले नाही असे नाही. केंद्रीय विधी आयोगाने मे २०१५ मध्ये पालकत्व व ताबा यांविषयीच्या कायद्यांतील सुधारणांवर २५७ वा अहवाल सादर केला. त्यात नातवंडांनी आजी-आजोबांसमवेत घालवावयाच्या वेळेसंबंधीही मार्गदर्शक सूचना सुचविल्या होत्या. संसदेने अद्याप त्यांना कायद्याचे रूप दिलेले नाही. तोवर प्रत्येक घराला आपला मार्ग स्वतः शोधणे प्राप्त आहे.

सुनेची बाजूही ऐका

येथवर आपण आजी-आजोबांच्या डोळ्यांनी पाहिले. आता क्षणभर अकोल्यातील त्या माहेरी जाऊ या. एकोणतिसाव्या वर्षी वैधव्य आलेली स्त्री भावाच्या घरी दोन लेकरांसह राहते आहे. सासरी जाण्याचे नाव निघाले की तिच्या मनात काही भीती दाटून येतात. 'तुझ्या पायगुणाने आमचा मुलगा गेला' हे वाक्य तिने ऐकलेले असू शकते. मुले एकदा गावी पाठविली तर परत मिळतील ना, ही धास्ती असते. आजी मुलाच्या कानात आईविरुद्ध काही घालील, ही शंका असते. पुनर्विवाहाचा विचार मनात असेल तर तो बोलून दाखविण्याचीही चोरी होते. या सर्व भीती खोट्या आहेत असे आपण म्हणू शकू काय?

मूल हे आपल्या दिवंगत मुलाची एकमेव खूण आहे, ही आजीची भावना खरी आहे. दुधापेक्षा दुधावरची साय अधिक जपावीशी वाटते, हे आपल्या भाषेनेच सांगून ठेवले आहे. परंतु मूल ही कोणाची खूण म्हणून जन्माला येत नाही. ते स्वतःचे आयुष्य जगण्यासाठी आलेले असते. त्याला आईचे सुरक्षित छत्र हवे आणि आजीची मायाही हवी. यांपैकी एकाची निवड त्याच्यावर लादणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

जमिनीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे, कारण पुष्कळदा भेटीचे भांडण हे मुळात सातबाऱ्याचे भांडण असते. ख्रिस्ती व्यक्ती मृत्युपत्र न करता निवर्तली, तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमानुसार तिच्या मालमत्तेचा एक तृतीयांश वाटा विधवेला आणि दोन तृतीयांश मुलांना मिळतो. मुले असताना मृताच्या आईवडिलांना वाटा नसतो. म्हणजे मुलाच्या नावावर शेत असेल, तर ते सुनेचे व नातवंडांचे आहे. शेत आजोबांच्या स्वतःच्या नावावर असेल, तर ते त्यांच्या हयातीत त्यांचेच राहते. हा हिशेब ज्याचा त्याला समजावून सांगावा आणि तो भेटीच्या बोलण्यात मिसळू नये. 'आधी सही, मग भेट' असे कोणी म्हणू नये आणि 'आधी भेट, मग हिस्सा' असेही कोणी म्हणू नये. लेकरू हे तारण ठेवण्याची वस्तू नव्हे.

संग्रामपूरहून पुढची वाट

आता प्रत्यक्ष काय करावे ते क्रमाने पाहू.

पहिली पायरी व्याह्यांची. विहीणबाईंशी व व्याह्यांशी बोलणारा एखादा मान्यवर माणूस निवडावा. दोन्ही घरांचा ज्याच्यावर विश्वास आहे असा. त्याच्यामार्फत लहान व निश्चित मागणी करावी: महिन्यातून एक रविवार, सुनेच्या गावी, दोन तास, तिच्या माहेरच्या कोणाच्या उपस्थितीत. संग्रामपूरला मुक्कामाला पाठविण्याचा आग्रह सुरुवातीस धरू नये. आजी-आजोबांनी प्रवास करावा, मुलांनी नव्हे. ठरलेल्या वेळी यावे व ठरलेल्या वेळी निघावे. विश्वास वाढला की सुट्टीतील चार दिवस आपोआप येतात. दरम्यान दूरध्वनी वा व्हिडिओ कॉलची विनंती करावी. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, प्रत्यक्ष भेटीइतकेच असे दुरून होणारे बोलणेही मुलासाठी महत्त्वाचे असल्याचे म्हटले आहे. ते आईवडिलांच्या वादात म्हटले गेले असले, तरी आजी-आजोबांनाही त्या विचाराचा आधार घेता येईल.

दुसरी पायरी विधी सेवेची. बोलणी फिसकटली तर थेट दावा न लावता तालुका विधी सेवा समितीकडे किंवा बुलढाणा येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. दावा दाखल होण्यापूर्वीच दोन्ही पक्षांना बोलावून समेट घडविण्याची सोय तेथे आहे. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील होत नाही. येथे एक गोष्ट आजीबाईंनी ध्यानात ठेवावी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळू शकतो. अनुसूचित जाती-जमातींनाही तीच सवलत आहे. म्हणून अर्ज आजीच्या नावे करणे सोयीचे. माहितीसाठी १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक आहे. हीच सवलत सुनेलाही आहे, हेही विसरू नये.

तिसरी पायरी न्यायालयाची. अर्ज कोठे करायचा? १८९० च्या कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे, मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयात. मुले अकोल्यास राहत असतील तर अर्ज संग्रामपुरात किंवा बुलढाण्यात चालणार नाही. ही चूक झाल्यास वर्ष-दोन वर्षे वाया जातात. जेथे कौटुंबिक न्यायालय आहे तेथे तेथे, अन्यथा जिल्हा न्यायालयात. सुनावणी लांबणार असेल तर बाराव्या कलमाखाली अंतरिम आदेश मागता येतो. नाताळ, पास्खा, वाढदिवस, उन्हाळी सुट्टी अशा प्रसंगांची स्पष्ट यादी अर्जास जोडावी. मुलांशी असलेले नाते दाखविणारी छायाचित्रे, शाळेची फी भरल्याच्या पावत्या, औषधोपचाराची कागदपत्रे, पाठविलेली पत्रे जपून ठेवावीत. भेटीचा आदेश कायमचा शिक्का नसतो. मुलाचे वय व परिस्थिती बदलली की त्यात बदल मागता येतो. म्हणून पहिल्या आदेशात थोडे मिळाले तरी निराश होऊ नये.

आणि एक इशारा. शाळेच्या फाटकातून, जत्रेतून किंवा खेळताना मुलाला परस्पर घेऊन जाण्याचा मोह कोणासही होऊ नये. कायदेशीर पालकाच्या संमतीवाचून मूल नेणे हा भारतीय न्याय संहितेखाली अपहरणाचा गुन्हा ठरू शकतो. त्या एका कृतीने आजोबांची सारी सहानुभूती नाहीशी होते, आणि नातवाच्या मनात आजोबांची आठवण पोलिसांच्या गाडीशी जोडली जाते.

धर्मग्रामाने काय करावे?

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबा व वृद्धांसाठी जागतिक दिन सुरू केला. जुलै महिन्याचा चौथा रविवार, येशूचे आजोबा-आजी संत योआकिम व संत अन्ना यांच्या सणाजवळचा, त्यासाठी नेमला आहे. त्या दिवशी वृद्धांचा सत्कार होतो, हार-फुले दिली जातात. ते चांगलेच आहे. परंतु ज्या आजीचा नातू तिला चार वर्षे दिसलेला नाही, तिला हारापेक्षा मध्यस्थाची अधिक गरज आहे.

विदर्भातील आपली धर्मग्रामे लहान आणि विखुरलेली आहेत. सासर एका धर्मग्रामात आणि माहेर दुसऱ्यात असते. दोन धर्मगुरूंनी एकमेकांशी बोलले, तर पुष्कळ गाठी न्यायालयाबाहेर सुटतील. भेटीसाठी तटस्थ जागा हवी असेल तर रविवारच्या मिस्सेनंतर चर्चचे आवार किंवा धर्मशिक्षणाचा वर्ग याहून चांगली कोणती? तेथे आईला धास्ती वाटणार नाही आणि आजीला परकेपणा वाटणार नाही. मात्र धर्मगुरूने कोणा एका पक्षाचा वकील होऊ नये. 'मुलांचा धर्म आम्ही सांभाळू, त्यांची आई सांभाळणार नाही' अशी भाषा कोणी आजी-आजोबा करू लागले, तर त्यांनाही थांबवावे. न्यायालय मुलाच्या धर्माचा विचार करते हे खरे. पण तो अनेक गोष्टींपैकी एक म्हणून, आईवर उगारण्याचे शस्त्र म्हणून नव्हे.

पवित्र शास्त्रातील रूथच्या पुस्तकात नामीची कथा आहे. तिचे दोन्ही मुलगे परमुलखात मरण पावले. एक सून माहेरी परतली, दुसरी तिच्यासोबत राहिली. पुढे त्या सुनेचा पुनर्विवाह झाला, आणि त्या विवाहातून झालेले बाळ, रक्ताने नामीचे नातेवाईक जेमतेमच, तिच्या मांडीवर विसावले. शेजारणींनी त्याला नामीचेच बाळ म्हटले. हे कसे घडले? नामीने सुनेला बांधून ठेवले नव्हते. उलट तिने तिला माहेरी जाण्याची मोकळीक दिली होती आणि पुढे तिच्या नव्या संसाराची वाटही दाखविली होती. ज्या सासूने सुनेला मोकळे सोडले, तिच्याच मांडीवर नातू आला.

संग्रामपूरच्या ओसरीवरील आजीने अकोल्यास जाताना कागदपत्रांची पिशवी घरी ठेवून, सुनेसाठी घरच्या तुरीची डाळ आणि लेकरांसाठी दोन लाडू नेले तर? कायदा आहेच, तो लागेल तेव्हा बुलढाण्याचे व अकोल्याचे दारही ठोठवावे. परंतु पहिला शब्द 'माझा नातू' असा नसावा. दाराशी उभे राहून तिने आधी एवढेच विचारावे, "सूनबाई, तू कशी आहेस?"